मोरीतला वाळा

पावसाळ्याच्या तोंडावर सर्पमित्राचा फोन वाजत राहतो आणि पलीकडून एकच धोशा: मोरीत सापाचं पिल्लू आलंय, नागाचंच असणार. जाऊन पाहावं तर पिल्लू कसलं, पूर्ण वाढलेला वाळा. वीतभर लांब, बुटाच्या नाडीएवढा जाड, बिनविषारी. तोंड एवढंसं की चावायचं म्हटलं तरी माणसाचं कातडं त्यात मावायचं नाही.

पकडण्यात शौर्य काही नाही. जाड कागद पुढे सरकवायचा, वर चढला की डब्यात सोडायचा. बोटांनी धरू गेलं तर सुळकन निसटतो आणि शेपटीच्या टोकावरचा बारीक काटा टोचतो. ‘डंख मारला!’ घरात ओरडा होतो. एरवी हाच काटा मातीत रोवून तो अंग पुढे रेटतो, इतकंच.

खरं काम भिंगाखाली. गांडुळाच्या अंगावर वळ्या असतात, वाळ्याच्या अंगावर चकचकीत खवले. पोटाकडेही तसेच, इतर सापांसारखे रुंद आडवे खवले तिथे नाहीत. अंगाच्या मध्यावर वेढा मोजला तर २० ओळी. मोजता मोजता तो वळतो, की पुन्हा पहिल्यापासून. डोळे म्हणजे खवल्याआड दोन काळे ठिपके, उजेड-अंधार कळण्यापुरते. मधूनच इवलीशी जीभ बाहेर येते. गांडूळ म्हणणाऱ्याला ती दाखवावी, वाद तिथेच मिटतो.

रानात दगड उलथताना याचा थोरला भाऊबंद भेटू शकतो, चंचुवाळा. दोन फुटांपर्यंत वाढणारा, नाकाडाचं टोक चोचीगत खाली वळलेलं, खवल्यांच्या ओळी २४ ते ३४. तो भारतीय द्वीपकल्पातलाच. वाळा मात्र कुंड्यांच्या मातीतून हवाई, मेक्सिको, फ्लोरिडापर्यंत पोचला. पॅट्रिक रसेलच्या १७९६ च्या ग्रंथात विशाखापट्टणमकडचा वाळा आहे. शास्त्रीय नाव मिळालं १८०३ मध्ये. नव्या मुलखात वसायला त्याला जोडीदार लागत नाही. गुणसूत्रांचे तीन संच, नराशिवाय घातलेली अंडी, त्यातून पुन्हा तशीच पिल्लं.

खाणं मुंग्यांची अंडी-अळ्या आणि वाळवी. वाळवीचं डोकं पचत नाही, म्हणून कधी कधी ते जमिनीवर घासून तोडतो आणि उरलेलं गिळतो. तेव्हा डबा उपडा करायचा तो आवारातल्या कुजक्या ओंडक्यापाशी. मालक कुंपणामागून विचारतात, ‘‘नर होता की मादी?’’

मादी. बघावंही लागत नाही.