दुखत नाही, म्हणून

सकाळी ९. ओपीडीच्या बाकावर देवणी, जळकोट, मुखेड, शिवाय सीमेपलीकडून भालकी-कमलनगरची माणसं बसलेली. उदगीरला युरॉलॉजीची ओपीडी म्हणजे मुख्यतः मूतखडे. त्यामुळे लघवी लाल झाली की माणूस खडाच धरतो, नाहीतर उन्हाळी. मग धन्याचं पाणी, सब्जा, खडीसाखर.

साठीतले एक मामा आत आले. "दुखत न्हाई ओ सायेब. निसतं लाल होऊलालंय. मधी दोन महिने बंदच होतं."

मी पेन खाली ठेवलं. खडा माणसाला लोळवतो, जंतुसंसर्गात आग होते. मूत्राशयाच्या, म्हणजे लघवीच्या पिशवीच्या कर्करोगात बहुतेकदा काहीच दुखत नाही. रक्त दिसतं आणि आपोआप थांबतं. तेवढ्यात एखादी गोळी घेतलेली असली की श्रेय तिला जातं.

"बिडी?"

"कमी केलीय."

"दिवसाला बंडल," मुलगा म्हणाला. मामांनी त्याच्याकडे पाहिलं.

या आजाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांत कारण धूम्रपान असतं. धुरातली विषं रक्तात जातात, मूत्रपिंडं ती गाळतात आणि लघवी साठून राहते तितके तास पिशवीचं अस्तर त्यांत भिजत राहतं. फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या सर्जननं १८९५ मध्ये रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत हाच आजार नोंदवला होता. तिथली काही रसायनं तंबाखूच्या धुरातही सापडतात.

११ वाजता मामांची सोनोग्राफी. पिशवी भरलेली हवी, म्हणून ते पाणी पिऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. डाव्या भिंतीला फुलकोबीच्या तुऱ्यासारखी गाठ दिसली. दिसली नसती, तरी दुर्बीण टळली नसती. बारीक किंवा चपट्या गाठी सोनोग्राफीला चुकतात. क्रिएटिनिन बघून सीटी स्कॅन लिहिला, कारण हेच अस्तर वर मूत्रपिंडापर्यंत गेलेलं असतं. मुलाला रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले योजनेच्या खिडकीकडे धाडलं.

दुपारी १. ऑपरेशन थिएटर. टेबलावर दुसरा रुग्ण, कंबरेत भूल. लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून गाठ तारेच्या लूपनं थर-थर खरवडायची. बाजूच्या भिंतीवर करंट दिला की मांडी झटका देते आणि त्या झटक्यात पिशवीला भोक पडू शकतं. म्हणून भूलतज्ज्ञ मांडीतल्या नसेलाही भूल देतात. गाठ निघाली तरी मी तळाचा आणखी एक तुकडा घेतो, वेगळ्या बाटलीत. त्यात स्नायू यायलाच हवा. गाठ अस्तरापुरती आहे की स्नायूत शिरलीय, यावर पुढचं सगळं ठरतं, आणि स्नायूच नसलेल्या तुकड्यावर पॅथॉलॉजिस्ट काय सांगणार? चारांतल्या तिघांत आजार सापडतो तेव्हा स्नायूपर्यंत पोचलेला नसतो. पण अस्तराखाली उतरलेली, जहाल जातीची गाठ असेल तर दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा खरवडावं लागतं. दुसऱ्यांदा भूल म्हटलं की नातेवाईक बिथरतात.

४ वाजता बीसीजी, आधी गाठ खरवडून झालेल्यांसाठी. बाळाच्या दंडावर टोचतात तीच लस, मात्रा कितीतरी जास्त. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही तयार होते. फ्रीजमधून काढायची, सलाईनमध्ये मिसळायची, नळीनं पिशवीत सोडायची. दोन तास लघवी धरायची, नंतर बसूनच करायची आणि सहा तास संडासात ब्लीच टाकायचं. आठवड्याला एक, असे सहा डोस. "मला टीबी झालाय का?" हे प्रत्येकजण विचारतो. नाही. जंतू दुबळे केलेले असतात. त्यांच्यावर चाल करून आलेल्या पांढऱ्या पेशी उरलेल्या कर्करोगाच्या पेशींनाही मारतात. कॅनडातल्या अल्व्हारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये याचे निकाल छापले. या उपचाराला आजही तोडीस तोड काही सहज मिळत नाही.

६. एका मावशींचा रिपोर्ट आला: गाठ स्नायूत. बायकांचं निदान हमखास लांबतं, कारण 'इन्फेक्शन'च्या गोळ्यांचे कोर्सच संपत नाहीत. आता आधी केमो, मग अख्खी पिशवी काढून आतड्याच्या तुकड्यातून लघवीला पोटावर वाट. गाठ एकच असेल आणि मूत्रपिंड सुजलेलं नसेल, तर पिशवी राखून केमोसोबत रेडिएशन हाही मार्ग असतो. त्यासाठी बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय किंवा मुंबईचं टाटा. मुलगा म्हणाला, "आईला सांगू नका." मी ऐकलं नाही. पोटावरची थैली रोज त्यांनाच हाताळायची आहे. मावशींनी शांतपणे ऐकून पहिला प्रश्न विचारला, "लुगडं त्याच्यावरून नेसता येईल का?" येतं.

रात्री ८. तपासणी चुकवलेल्यांना फोन. गाठ परत उगवण्याची या आजाराची खोड आहे, म्हणून पहिली दुर्बीण तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षानुवर्षं. जळकोटकडचे एक काका म्हणाले, "सोयाबीन निघू द्या, मग येतो." मळणीयंत्र कधी मिळणार ते विचारलं. शनिवारी. मग सोमवारी या म्हटलं. जागा बधिर करूनच बघायचं आहे, उपाशी राहू नका, भाकरी खाऊन निघा.