साक्षीभाव

साक्षीभाव (साक्षिभाव असेही लेखन आढळते) म्हणजे स्वतःच्या मनात उठणारे विचार, भावना आणि शरीरातील संवेदना यांच्याशी एकरूप न होता त्या जशा आहेत तशा पाहण्याची वृत्ती होय. ही वृत्ती दैनंदिन सरावाने अंगी बाणते, असे मानले जाते. भारतीय दर्शनांत ही संकल्पना प्राचीन काळापासून आढळते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मानसशास्त्रातही तिच्याशी मिळत्याजुळत्या पद्धती उपचारासाठी वापरल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्रात या संकल्पनेच्या प्रसाराशी सोलापूर व लगतच्या विजयपूर (विजापूर) जिल्ह्यांच्या परिसरात वाढलेल्या इंचगिरी संप्रदायाचा आणि इगतपुरी येथील विपश्यना केंद्राचा निकटचा संबंध आहे.

शब्दाचा अर्थ

पाणिनीच्या अष्टाध्यायीनुसार 'साक्षी' म्हणजे साक्षात पाहणारा. व्यवहारात साक्षीदार हा वादी नसतो आणि प्रतिवादीही नसतो. जे घडले ते त्याने पाहिलेले असते, एवढेच. साक्षीभावातही मनातील घडामोडींकडे याच नात्याने पाहणे अभिप्रेत आहे.

मराठी भाषेच्या रचनेत या दृष्टीची एक खूण दिसते. 'मला राग आला', 'मला भीती वाटते' अशा वाक्यांत अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत येते आणि भावना ही तिच्याकडे येणारी गोष्ट म्हणून मांडली जाते. 'मी रागावलो' या वाक्यात मात्र व्यक्ती व भावना यांच्यातील हे अंतर उरत नाही.

प्राचीन परंपरा

एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांचे रूपक ऋग्वेदात आणि पुढे मुंडकोपनिषदात येते. एक पक्षी फळ खातो, तर दुसरा न खाता केवळ पाहतो. सांख्यदर्शनात पुरुष हा द्रष्टा असून मन व बुद्धी ही प्रकृतीची, म्हणजे दृश्याची अंगे मानली आहेत. बौद्ध परंपरेतील सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त व धम्म अशी निरीक्षणाची चार क्षेत्रे सांगितली आहेत. या सुत्तानुसार साधकाने लोभयुक्त चित्ताला लोभयुक्त म्हणून आणि लोभरहित चित्ताला लोभरहित म्हणून जाणावयाचे असते.

मराठी संतसाहित्यात मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलण्याची पद्धत रूढ आहे. समर्थ रामदासांचे २०५ मनाचे श्लोक मनालाच उद्देशून आहेत. या संबोधनामुळे बोलणारा आणि त्याचे मन असे दोन पक्ष वेगळे होतात. मात्र येथे मनाला उपदेश केला जातो. साक्षीभावात तूर्तास केवळ पाहणे अपेक्षित असते, हा दोहोंतील फरक आहे.

सोलापूर परिसर आणि इंचगिरी संप्रदाय

भाऊसाहेब महाराज (१८४३–१९१४) यांनी विजयपूर जिल्ह्यातील इंचगिरी येथे मठ स्थापन केला. नामस्मरणासह दीर्घकाळ ध्यान हा त्यांच्या साधनमार्गाचा गाभा होता. त्यांच्या शिष्यांपैकी सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६) यांचा जन्म सोलापूर जिल्ह्यातील पाथरी येथे झाला. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक व अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) हेही भाऊसाहेबांचेच शिष्य होते. त्यांचा आश्रम सोलापूर–विजयपूर लोहमार्गावरील निंबाळ येथे आहे.

एकाच गुरूच्या या दोन शिष्यांनी भिन्न वाटा चोखाळल्या. रानडे यांनी अखेरपर्यंत नामध्यानावर भर दिला. सिद्धरामेश्वर महाराजांनी गुरूंच्या निधनानंतर काही वर्षे कठोर ध्यान केले. पुढे मात्र ध्यान ही प्राथमिक पायरी असून विवेकाने त्यापलीकडे जाता येते, असे मत त्यांनी मांडले. मुंगीप्रमाणे हळूहळू चढणारा तो पिपीलिका मार्ग आणि पक्ष्याप्रमाणे थेट फळ गाठणारा तो विहंगम मार्ग, असा भेद ते सांगत. त्यांच्या विवेचनात स्थूल, सूक्ष्म, कारण व महाकारण या चार देहांचा क्रमाने शोध घेतला जातो. जे पाहता येते ते पाहणाऱ्याहून वेगळे असते, हे या शोधाचे सूत्र आहे. शरीर दिसते, विचार जाणवतात, विचारांचा अभावही कळतो. म्हणून यांपैकी काहीही 'मी' नव्हे, असा हा युक्तिवाद आहे.

मुंबईत विडीचे दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) यांची १९३३ मध्ये सिद्धरामेश्वर महाराजांशी भेट झाली. 'मी आहे' या जाणिवेवर लक्ष ठेवण्याचा गुरूंनी सांगितलेला अभ्यास त्यांनी प्रपंच सांभाळून केला. त्यांच्या मराठी संवादांवरून मॉरिस फ्रिडमन यांनी तयार केलेला 'आय ॲम दॅट' हा इंग्रजी ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि हा विचार जगभर पोहोचला.

विपश्यना

ब्रह्मदेशात (म्यानमार) जन्मलेले सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांनी सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकून १९६९ मध्ये भारतात शिबिरे घेण्यास प्रारंभ केला. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथील धम्मगिरी केंद्र १९७६ पासून कार्यरत आहे. दहा दिवसांच्या शिबिरात मौन पाळले जाते. प्रथम श्वासाचे निरीक्षण (आनापान) शिकवले जाते आणि त्यानंतर शरीरभर लक्ष फिरवून संवेदना तटस्थपणे पाहण्याचा सराव होतो. शिबिरानंतर सकाळ-सायंकाळ प्रत्येकी एक तास सराव करण्याचा सल्ला दिला जातो. एप्रिल १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार कारागृहात एक हजाराहून अधिक बंदिवानांसाठी असे शिबिर झाले.

आधुनिक मानसशास्त्र

१८७९ मध्ये लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापन करणाऱ्या विल्हेल्म वुंट यांनी अंतर्निरीक्षणाला संशोधनपद्धतीचे स्थान दिले. परंतु एकाचे निरीक्षण दुसऱ्याला पडताळता येत नाही, या कारणाने जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये ही पद्धत नाकारली. पुढे ॲरन बेक यांच्या बोधात्मक उपचारपद्धतीत रुग्णाने आपले आपोआप उमटणारे विचार टिपून ठेवण्याला महत्त्व आले. १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी ध्यानावर आधारित आठ आठवड्यांचा तणावनिवारण कार्यक्रम सुरू केला. त्याचा धर्माशी संबंध ठेवलेला नव्हता. त्यावरून वारंवार उद्भवणाऱ्या नैराश्याच्या प्रतिबंधासाठी स्वतंत्र उपचारपद्धती विकसित झाली.

सरावाचे स्वरूप

परंपरा भिन्न असल्या तरी सरावाचे टप्पे बरेचसे समान आहेत. ठरावीक वेळी स्थिर बसून लक्ष श्वासावर ठेवले जाते. लक्ष भरकटले की ते कोठे गेले हे ओळखून, स्वतःला दोष न देता, पुन्हा श्वासाकडे वळवले जाते. लक्ष भरकटणे हे सरावाचे अपयश मानले जात नाही. ते ध्यानात येणे हाच सरावाचा मुख्य क्षण होय.

भावना पाहताना तिचे घटक वेगळे केले जातात. उदाहरणार्थ, परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्याला 'मी नापास होणार' असे वाटते. येथे छातीतील धडधड ही संवेदना, 'नापास होणार' हा विचार, भीती ही भावना आणि पुस्तक मिटून टाकावे ही ऊर्मी आहे. 'नापास होणार असा विचार आला आहे' अशी नोंद केल्यास विधान आणि वस्तुस्थिती यांत अंतर पडते आणि ऊर्मीप्रमाणे वागावे की नाही हे ठरवण्यास अवधी मिळतो. अशा नोंदी रोजनिशीत लिहिण्याचीही पद्धत आहे.

गैरसमज व मर्यादा

साक्षीभाव म्हणजे भावना दडपणे नव्हे. दडपणाऱ्यास भावना नको असते, तर पाहणाऱ्यास ती आहे हे मान्य असते. तो निष्क्रियतेचाही पुरस्कार करीत नाही. अन्याय झाल्याची चीड पाहिल्यानंतर अन्यायाविरुद्ध पाऊल उचलण्यास कोणतीही आडकाठी नसते. स्वतःच्या मनाचा अखंड कीस काढणे, म्हणजेच चिंतेचे चर्वितचर्वण, हेही निरीक्षण नव्हे. त्यात मनुष्य विचारांतच गुंतलेला राहतो.

उपयुक्ततेबाबतचे पुरावे संमिश्र आहेत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात चिंता, नैराश्य व वेदना यांवर ध्यानाचा अल्प ते मध्यम प्रमाणात लाभ आढळला. परंतु औषधे वा व्यायाम यांसारख्या उपायांपेक्षा ते सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ८५ शाळांच्या चाचणीत सर्वच विद्यार्थ्यांना असे प्रशिक्षण दिल्याने नेहमीच्या शिक्षणापेक्षा अधिक लाभ दिसला नाही. अनेक विद्यार्थ्यांनी घरी सराव केलाच नव्हता. काही व्यक्तींना दीर्घ ध्यानाच्या वेळी अस्वस्थता, भीती किंवा जुन्या आघातांच्या आठवणी यांचा त्रास होतो. तीव्र नैराश्य, मनोविकृती किंवा आत्महत्येचे विचार असल्यास हा सराव वैद्यकीय उपचारांना पर्याय ठरत नाही. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञाचे साहाय्य घेणे आवश्यक असते.