विंडोज, मॅक की लिनक्स? त्याआधीचा प्रश्न

"ताई, पीएचडीला नाव नोंदवतेय. लॅपटॉप घ्यायचाय. विंडोज बरं की मॅक? की सरळ लिनक्स शिकू?"

प्रवेशाचा हंगाम आला की असे दोन-चार मेसेज येतातच. पहिल्या वर्षी मी अगदी उत्साहाने "लिनक्स!" असं उत्तर द्यायचे. आता देत नाही. आता उलट विचारते : तुझं आजचं काम दहा वर्षांनी, दुसऱ्याच कुणाच्या तरी मशीनवर उघडेल का?

हा प्रश्न मला कुठल्या पुस्तकात सापडला नाही. तो माझ्या गळ्यात पडला. झालं असं.

माझा विषय बोलीभाषांचा. काम सुरू केलं तेव्हा सरांनी एक जुनी सीडी हातात दिली. २००४ साली त्यांनी चंदगड भागातल्या गावांमधून वयस्कर माणसांच्या मुलाखती घेतल्या होत्या. कॅसेट केव्हाच खराब झाल्या. राहिल्या त्या फक्त टाइप केलेल्या फाइली. त्यातली बहुतेक माणसं आज हयात नाहीत. म्हणजे त्यांची बोली जशीच्या तशी जिथे उरली होती, ती जागा म्हणजे ही सीडी.

मी ती माझ्या उबुंटूवर उघडली. फाइल उघडली, पण मराठीचं एक अक्षरही दिसेना. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, सगळी खिचडी. विंडोजवर नेली, तिथेही तेच.

नेमकं काय बिघडलं होतं?

फाइल खराब झालेली नव्हती. ती ज्या पद्धतीने टाइप केली होती ती पद्धतच एका मशीनला बांधलेली होती. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे मराठी टाइप करायचे ते खास फॉन्ट वापरून. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असायची. कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरच टाइप केलेलं असायचं. ते मराठी दिसायचं ते फक्त त्या फॉन्टमुळे. फॉन्ट गेला की मराठी गेली. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. काही सॉफ्टवेअर तर हार्डवेअर लॉक मशीनला जोडल्याशिवाय सुरूच व्हायची नाहीत.

शेवटी एका डीटीपीवाल्या काकांच्या दुकानातल्या जुन्या विंडोज मशीनवर तो फॉन्ट सापडला. मग मजकूर युनिकोडमध्ये आणायचा खटाटोप. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप व्हायची; युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलटं. साधी अक्षरं कन्व्हर्टरने बदलली, पण जोडाक्षरं हाताने तपासावी लागली. बोलीतला शब्द असेल तर चूक कन्व्हर्टरची की बोलणाऱ्या आजींचा उच्चारच तसा, हे कळायला मार्ग नाही. सरांना विचारून विचारून तीन महिने गेले. दोन मुलाखती तर शेवटपर्यंत धड लागल्याच नाहीत.

देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून, म्हणजे पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण २००४ साली सगळे जे वापरत होते तेच सरांनी वापरलं. त्यांचा दोष नाही. आज आपण "सगळे वापरतात" म्हणून जे घेतो त्याचंही उद्या हेच होऊ शकतं, एवढं लक्षात ठेवा.

"माझा विषय भाषा नाही, मला काय त्याचं?"

आहे, तुम्हालाही आहे. रसायनशास्त्रातलं एक उदाहरण बघा. २०१४ साली 'नेचर प्रोटोकॉल्स'मध्ये रेणूची रचना ओळखण्यासाठीच्या गणिताची एक पद्धत प्रसिद्ध झाली. सोबत पायथॉनमधल्या छोट्या स्क्रिप्ट दिल्या होत्या. पुढे अनेकांनी त्या वापरल्या. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांच्या लक्षात आलं की तीच स्क्रिप्ट, तोच डेटा, पण ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की उत्तर बदलतंय! विंडोज १० आणि जुन्या मॅकवर एक उत्तर, नव्या मॅकवर आणि उबुंटूवर वेगळं.

कारण अगदी साधं होतं. स्क्रिप्ट फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागायची आणि ती यादी नावांच्या क्रमानेच मिळेल असं गृहीत धरायची. पण क्रम कसा द्यायचा ते प्रत्येक सिस्टिम आपापलं ठरवते. क्रम बदलला की आकड्यांच्या जोड्या चुकायच्या. उत्तरातला फरक एक टक्क्याहूनही कमी होता, पण कुठली रचना बरोबर हे जिथे अशाच बारीक फरकावर ठरतं तिथे एवढाही पुरतो. दुरुस्ती काय? यादी आधी क्रमाने लावून घ्या. एका ओळीचं काम!

गंमत म्हणजे एररचा मेसेज कुठेच आला नव्हता. सगळं सुरळीत चाललं आणि उत्तर तेवढं चुकलं. संशोधनात खरी भीती याचीच.

मग निवडायचं कसं?

तिन्ही सिस्टिमवर चांगलं संशोधन होतं. त्यामुळे भांडत बसू नका, स्वतःला तीन प्रश्न विचारा.

एक, टाळताच येणार नाही असं सॉफ्टवेअर कोणतं? प्रयोगशाळेतल्या बऱ्याच उपकरणांची सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात. भूगोलवाल्यांचं आर्कजीआयएस प्रोसुद्धा विंडोजवरच. तसं असेल तर विषय संपला, विंडोज घ्या. उलट आर, पायथॉन, झोटेरो, लिबरऑफिस, आमच्या विषयातलं प्राट, ही तिन्हीकडे चालतात.

दोन, जड गणित कुठे चालणार? सुपरकॉम्प्युटर वापरायचा असेल तर लिनक्सला पर्याय नाही. जगातल्या ५०० सर्वांत वेगवान सुपरकॉम्प्युटरच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालणारे आहेत. तेव्हा टर्मिनलची सवय आधीच केलेली बरी. त्यासाठी विंडोज पुसायची गरज नाही; विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय मायक्रोसॉफ्टने २०१६ पासून दिली आहे.

तीन, रात्री अकरा वाजता अडलं तर फोन कुणाला करणार? हसू नका. लॅबमध्ये सगळे मॅकवाले आणि तुम्ही एकटेच लिनक्सवाले असाल, तर प्रत्येक अडचण तुमची एकट्याची. मला लिनक्स जमलं ते शेजारच्या टेबलावरच्या सिनियरमुळे.

आणि पैशांचं. फेलोशिप वेळेवर येत नाही हे गृहीत धरूनच चाला. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नाही. असा लॅपटॉप घरात पडून असेल तर विकायची घाई करू नका. पेनड्राइव्हवरून उबुंटू किंवा मिंट चालवून बघा. हार्ड डिस्कला हात न लावता वापरून पाहता येतं. वाय-फाय, प्रिंटर, मराठी कीबोर्ड नीट चालले तर वर्ष-दोन वर्षं सहज निघतील. मात्र डेटाची एक प्रत बाहेर ठेवल्याशिवाय कायमचं इन्स्टॉल करू नका. मी केलं होतं. एमएचे फोटो गेले ते गेलेच.

काहीही निवडा, पण एवढं करा

मराठी टाइप करायची ती युनिकोडमध्येच. कुणी "आपल्याकडे हाच फॉन्ट चालतो" म्हणालं तरी मूळ प्रत युनिकोडमध्ये ठेवा आणि त्यांच्यासाठी वेगळी बनवून द्या.

टिपणं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, तक्ते सीएसव्हीमध्ये ठेवा. एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना, बघा. अशी सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली तर मराठीचा कधीकधी चुथडा दिसतो. घाबरू नका आणि तशीच सेव्हही करू नका. डेटा इम्पोर्ट करताना यूटीएफ-८ निवडा.

फाइलींची नावं लहान लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्या. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतला फरक लिनक्स पाळतं, विंडोज सहसा पाळत नाही. तुमच्याकडे चालणारा कोड दुसऱ्याकडे "फाइल सापडत नाही" म्हणतो तो कधीकधी यामुळेच.

आणि रोज चार ओळी लिहा. आज काय केलं, कोणत्या मशीनवर, सिस्टिमची आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, काय अडलं, कसं सुटलं. सुरुवातीला मला हा वेळेचा अपव्यय वाटायचा. पण सरांच्या त्या सीडीसोबत फॉन्टचं नाव लिहिलेला एक कागद असता, तर माझा निदान महिनाभर वाचला असता.

शेवटी एक परीक्षा. या रविवारी तुमच्या कामाचं एक फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि वेगळी सिस्टिम वापरणाऱ्या मैत्रिणीला द्या. तुम्ही काही न सांगता तिला ते उघडता, वाचता आणि चालवता आलं, तर तुमची निवड बरोबर आहे, मग लॅपटॉपवर कुठलाही लोगो असो. नाही आलं तर जिथे ती अडली तिथून दुरुस्तीला लागा. पहिल्या वर्षात ते एका दुपारचं काम आहे. प्रबंध सादर करायच्या आठवड्यात नाही.