एकट्याचा अर्ज, सगळ्यांचे म्हणणे : नौसैनिकांच्या बदल्या, बढत्या आणि संगणक

नौदलात मुलगा असलेल्या घरात तीन प्रश्न बारा महिने मुक्कामाला असतात. पुढची बदली कुठे, बढती कधी आणि सुट्टी केव्हा. विरार-नालासोपारा पट्ट्यात निवृत्त नौसैनिकांची घरे पुष्कळ आहेत. मुंबईत सरकारी क्वार्टरमध्ये उमेदीची वर्षे काढलेला माणूस निवृत्तीनंतर परवडणारे घर शोधत पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे सरकतो, तो इथे येऊन थांबतो. या मंडळींशी बोलताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवली. वादळाच्या किंवा युद्धाच्या गोष्टी ते क्वचित सांगतात. बदलीच्या मात्र तारीखवार सांगतात. कोचीचा हुकूम आला तेव्हा मुलीची दहावी होती, विशाखापट्टणमला हजर झालो तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती, अशा त्या गोष्टी.

हा सगळा हिशेब ठेवणारे कार्यालय आपल्यापासून फार दूर नाही. वसईहून दोनदा लोकल बदलली की मानखुर्द. तिथल्या चीता कॅम्पात नौदलाचा ‘ब्यूरो ऑफ सेलर्स’ आहे, आणि एक कमोडोर त्याचा प्रमुख असतो. नाविकाची भरती चिल्काला होते, नोकरी समुद्रावर होते, पण त्याचे कागदोपत्री आयुष्य इथे राहते. नौदलात बदलीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. मराठीत ड्राफ्ट म्हणजे एक तर मसुदा नाहीतर बँकेचा धनाकर्ष. नौसैनिकाच्या बायकोच्या तोंडी मात्र तो ‘ह्यांचा ड्राफ्ट आला’ असा येतो, आणि त्या तीन शब्दांत घर हलवणे, शाळा बदलणे, गॅसची जोडणी बंद करणे हे सगळे आलेले असते.

बदली ही दिसते तितकी साधी गोष्ट नाही. एका फ्रिगेटवरचा विद्युत शाखेचा पेटी ऑफिसर समुद्रावरची ठरलेली मुदत पुरी करतो. त्याला किनाऱ्यावर आणायचे तर त्याच शाखेचा, त्याच दर्जाचा, त्या यंत्रणेचे प्रशिक्षण घेतलेला दुसरा माणूस जहाजावर चढला पाहिजे. तो जिथून निघेल तिथे तिसरा हवा. तिसऱ्याची बढतीची परीक्षा जवळ आली असेल तर त्याला समुद्रावरचा अनुभव कमी पडू नये हेही पाहायचे. म्हणजे एक माणूस हलवायला चार-पाच माणसे हलतात. हजारो माणसे, डझनावारी शाखा, सीमनपासून मास्टर चीफ पेटी ऑफिसरपर्यंतची शिडी, आणि समुद्र-किनारा यांची पाळी. जगातल्या बहुतेक मोठ्या नौदलांनी हे काम आता संगणकाकडे दिले आहे, आणि ते योग्यच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. ही प्रणाली चुकते आहे हे प्रणालीला कळणार कसे? ते सांगू शकणारा माणूस एकच, ज्याची बदली झाली तो. त्याचे ऐकायचे कसे, आणि ऐकलेले यंत्रात उतरवायचे कसे, एवढाच या लेखाचा विषय.

त्यासाठी आधी १९४६ च्या फेब्रुवारीत जावे लागते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी ‘रॉयल इंडियन नेव्ही’त जेमतेम दोन हजार माणसे होती. युद्ध संपेपर्यंत ती पंचवीस हजारांच्या वर गेली. एवढी वाढ सहा वर्षांत झाली म्हणजे भरती कशी झाली असेल याची कल्पना यावी. शिकलेल्या मुलांना हुद्द्याची, प्रशिक्षणाची, युद्धानंतरच्या नोकरीची आशा दाखवण्यात आली. आत गेल्यावर कामही वेगळे आणि वागणूकही वेगळी. ब्रिटिश नाविकाच्या तुलनेत पगार आणि भत्ते कमी, जेवण निकृष्ट. त्यात युद्ध संपले आणि कपात सुरू झाली. घरी कधी पाठवणार, कपड्यांचा सरंजाम परत करावा लागणार का, पुढे काय, याचे उत्तर कोणीच देईना. राष्ट्रीय भावना आणि आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी पेटलेले वातावरण हे सगळे होतेच, त्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण संपकऱ्यांच्या मागण्यांची यादी सावकाश वाचली तर तिचा निम्मा भाग आजच्या भाषेत ‘करिअर मॅनेजमेंट’चा आहे.

कुलाब्याची ‘तलवार’ ही संदेशवहनाची प्रशिक्षण संस्था. तिथला कमांडिंग ऑफिसर कमांडर किंग याने फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नाविकांना उद्देशून अत्यंत शिवराळ भाषा वापरली. नाविकांनी काय करावे? त्यांनी नियमाप्रमाणे तक्रार केली. प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज लिहिला. स्वतंत्र अशासाठी, की नौदलाच्या शिस्तीत दहा जणांनी मिळून एक तक्रार करणे हे तक्रार राहत नाही, तो कट ठरतो. त्या अर्जांतून काही निष्पन्न झाले नाही. १८ फेब्रुवारीला सकाळी ‘तलवार’वरच्या सुमारे अकराशे नाविकांनी जेवण नाकारले आणि काम थांबवले. पुढच्या पाच दिवसांत हे लोण ७८ जहाजे, २० किनारी ठाणी आणि सुमारे वीस हजार नाविकांपर्यंत पोचले. एम. एस. खान आणि मदन सिंग यांच्या नेतृत्वाखाली मध्यवर्ती संप समिती उभी राहिली. मुंबईच्या रस्त्यावर दोनशेहून अधिक माणसे गोळीबारात गेली. २३ तारखेला नाविकांनी शरणागती पत्करली.

नंतर पाटण्याचे सर न्यायाधीश सय्यद फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात या आयोगाला एक-दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, ही मला मोठी उणीव वाटते. कारण आयोगाने नाविकांना बोलते केले. भरतीच्या वेळची फसवी आश्वासने, अन्न, वेतनातला भेद, अधिकाऱ्यांना माणसांची भाषा आणि मने ठाऊक नसणे, आणि तक्रार वर पोचवणारी वाट निकामी असणे हे सगळे त्यात नोंदले गेले. नौदलाने आपल्या खालच्या माणसांचे म्हणणे एवढ्या विस्ताराने ऐकले ते सगळे मोडून पडल्यावर.

त्या स्वतंत्र अर्जांकडे मी वारंवार वळतो. एकट्याने बोलायचे, मिळून बोलायचे नाही, हा नियम नुसता ब्रिटिशांचा खडूसपणा नव्हता. जहाजावर सामूहिक दबावाची भीती खरी असते. म्हणून जगभरच्या नौदलांत तो या ना त्या रूपात आहे. आपल्या १९५७ च्या नौदल कायद्यातही अन्याय झालेल्याला तक्रारीचा हक्क आहे, पण तो ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा, एकेकाचा. या व्यवस्थेत एक दोष मुळातच असतो. प्रत्येक अर्ज निकालात काढणाऱ्याला तो एका माणसाचे रडगाणे वाटतो. शंभर माणसांनी शंभर ठिकाणी तेच लिहिले तरी ते एकत्र कोणाच्या टेबलावर दिसत नाही.

संगणक नेमके हे काम करू शकतो. तो शंभर एकाकी अर्ज एका रांगेत लावतो. कोणी कट केलेला नाही, कोणी कोणाशी बोललेलेही नाही, तरी म्हणणे एकच आहे हे उघड होते. मग ती तक्रार राहत नाही, तो प्रणालीतला दोष म्हणून हाताळता येतो. उदाहरण कल्पनेतले घेऊ. एका शाखेचे नाविक सांगतात की प्रशिक्षण पुरे झाल्याची नोंद उशिरा चढते. एकाने सांगितले तर कारकुनाची चूक. चाळीस जणांनी सांगितले आणि चाळीसही एकाच प्रशिक्षण केंद्रातून आलेले निघाले, तर केंद्राची माहिती मुख्य प्रणालीत उतरण्याच्या टप्प्यात गडबड आहे. ही नोंद उशिरा चढली म्हणून बढतीच्या यादीत नाव मागे गेले असेल, तर नुकसान पगारात, निवृत्तिवेतनात, आयुष्यभर.

यात अमेरिकी नौदलाचा प्रवास सांगण्यासारखा आहे, कारण तो बराचसा उघड्यावर झाला. तिथे एके काळी नाविक ‘डिटेलर’ नावाच्या बदली-अधिकाऱ्याला फोन करायचा. अधिकाऱ्यापुढे सगळ्या जागा, नाविकाला दिसते ती अधिकारी सांगेल तेवढीच. १९९० च्या दशकात रिकाम्या जागांची यादी संगणकावर आली, पण ती पाहायला समुपदेशकाच्या खोलीत जावे लागे. त्यानंतरच्या प्रणालीत नाविक स्वतः जागा पाहून अर्ज करू लागला, आणि २०१९ च्या सुमारास आलेल्या ‘मायनेव्ही असाइनमेंट’मध्ये त्याला स्वतःची ओळख, कौशल्ये, पसंतीक्रम मांडता येऊ लागला. एक अडचण तर अगदी घरगुती होती. सरकारी ओळखपत्र कार्यालयातल्या यंत्रात घातल्याशिवाय काही उघडतच नसे. नाविक जहाजावर, किंवा सुट्टीवर, हातात फक्त मोबाइल. हे वारंवार सांगितले गेल्यावर कार्डाशिवाय प्रवेशाची सोय झाली. मला ही सुधारणा बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची वाटते; दार उघडत नसेल तर आतली सजावट काय कामाची.

विचारण्याची आणखी एक तऱ्हा त्यांनी २००३ पासून वापरली, ती व्यापारी वृत्तीची आहे. ज्या ठिकाणी कोणी जायला तयार नाही तिथल्या जागांसाठी नाविकांनी बोली लावायची : दरमहा अमुक जादा रक्कम दिली तर मी जातो. वरची मर्यादा ठरलेली. ‘तुम्हाला ही जागा आवडते का’ या प्रश्नाला माणूस शिष्टाचाराने उत्तर देतो. रक्कम लिहायला सांगितली की मनातले लिहितो. आपल्याकडे हे जसेच्या तसे यावे असे मी म्हणणार नाही. घरच्या अडचणी पैशात मोजायला लावणे आपल्या माणसाला रुचणार नाही, आणि ज्याला पैशाची गरज जास्त तोच कमी रकमेत दूर जाईल.

पसंती विचारणे आणि पसंतीप्रमाणे वाटप करणे यांत आणखी एक गाठ आहे. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या गणितज्ञांनी दोन्ही बाजूंच्या पसंतीक्रमांतून स्थिर जोड्या लावण्याची रीत सांगितली. तिचा एक गुण असा की ज्या बाजूने प्रस्ताव सुरू होतो ती बाजू फायद्यात राहते. अमेरिकेत नव्या डॉक्टरांना रुग्णालये वाटून देण्याची पद्धत याच जातीची होती, आणि प्रस्ताव रुग्णालयांच्या बाजूने सुरू होई. विद्यार्थ्यांनी हरकत घेतली. मग अल्विन रॉथ यांनी नवी रीत बसवली, ती १९९८ च्या वाटपापासून डॉक्टरांच्या बाजूने चालू लागली. नवरा-बायको दोघेही डॉक्टर असतील तर त्यांची सोयही तीत केली. रॉथ आणि शॅपली यांना २०१२ चे नोबेल मिळाले. आतल्या गणिताचा ओघ कोणत्या बाजूने आहे हे पडद्यावर दिसत नाही. ते वापरणाऱ्याने विचारल्याशिवाय कळत नाही.

आपल्या बंदराच्या, मालवाहू जहाजांवरच्या खलाशाने तर हे फार पूर्वी भोगले आहे. त्याच्या सेवापुस्तकाला जुने खलाशी ‘नळी’ म्हणत. पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवत म्हणून. नळी हातात असूनही काम मिळणे घाट-सारंगाच्या मर्जीवर, आणि मर्जी पैशांवर. १९२२ च्या क्लो समितीपासून पाळीपाळीने काम देण्याची मागणी चर्चेत होती. सरकारी नोकरी-कार्यालय यायला १९५० चे दशक उजाडले. आता त्याच्याकडे ‘इंडोस’ क्रमांक आहे, आणि भारताने २०१५ साली मान्य केलेल्या सागरी श्रम करारामुळे जहाजावर तक्रार नोंदवण्याची रीत सक्तीची आहे. तक्रार केली म्हणून त्रास देता येणार नाही, हे त्या करारात स्पष्ट लिहिले आहे. नौदलाला हा करार लागू नाही, पण हे कलम वाचण्यासारखे आहे. बढतीचा शेरा लिहिणाराच अभिप्राय वाचणार असेल, तर अभिप्राय गोडच येणार. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचा खर्च मुलखातून नेमून द्यावा, समुद्रावरच्या पैदासीवर ठेवू नये, नाहीतर सावकारांना उपद्रव होईल असे सांगितले आहे. खर्च कोणत्या बाजूने येतो यावर माणसाचे वागणे ठरते, ही त्यांची नजर इथेही उपयोगी पडते. अभिप्राय कोणाच्या हातात पडतो यावर त्यातला मजकूर ठरतो.

मोजणीचीही एक फसवणूक असते. ज्याच्याकडे नेटवर्क आहे, वेळ आहे आणि लिहिण्याची सवय आहे, तोच लिहितो. पाणबुडीवरचा लिहीत नाही. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली मांडले की नाराज माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जाणे किंवा बोलणे. दुकानदाराला निघून गेलेल्या गिऱ्हाइकावरून तरी कळते. नौसैनिकाला करार संपेपर्यंत निघून जाता येत नाही. पंधरा वर्षांची बांधिलकी असलेल्या नाविकाला बोलणे एवढीच वाट होती, आणि बोलायला वेळही होता. पहिल्या पाच वर्षांत चुकलेली नोंद दहाव्या वर्षी दुरुस्त झाली तरी हाती काही लागत असे.

२०२२ पासून ते बदलले. अग्निवीराची मुदत चार वर्षे, आणि त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे कायम करायचे, तेही या चार वर्षांतल्या कामगिरीवर. पहिली तुकडी नोव्हेंबर २०२२ मध्ये चिल्काला दाखल झाली आणि मार्च २०२३ मध्ये बाहेर पडली. अडीच हजारांहून अधिक मुले, आणि त्यांत पावणेतीनशेच्या आसपास मुली, नौदलात खलाशी म्हणून आलेल्या पहिल्या. पालघर जिल्ह्यातल्या अर्नाळा, सातपाटी अशा गावांतली मुले समुद्राला नवखी नाहीत. त्यांचे आईबाप मला विचारतात ते एवढेच, की पोराचे गुण कुठे लिहिले जातात आणि चुकीचे लिहिले गेले तर कोणाला भेटायचे. प्रशिक्षणाचे महिने वजा केले तर प्रत्यक्ष जहाजावरचा काळ सव्वातीन-साडेतीन वर्षांचा. त्यात एखादी परीक्षा, एखादा शेरा, एखादे प्रमाणपत्र प्रणालीत चढायचे राहिले, तर ते मुलाला दिसले पाहिजे, दिसल्यावर सांगता आले पाहिजे, आणि सांगितल्याचे उत्तर यादी लागण्याआधी आले पाहिजे. त्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीला भरतात.