विंडोज उघडले म्हणजे ओव्हरक्लॉक जमले असे नाही

ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर किंवा रॅम ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे) करणाऱ्यांत एक समज पक्का असतो: विंडोज उघडले, की सेटिंग जमले. पण रिकामी ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर उसाने भरलेली ट्रॉली चढावर ओढेलच असे नाही. दोष भार पडल्यावर दिसतो.

परभणीत त्यात हवामानाची भर पडते. थंडीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो, मे महिन्यात दुपारी ४० ओलांडतो. प्रोसेसरवरच्या कूलरचा पंखा खोलीतलीच हवा फेकतो. खोली १५ अंशांनी तापली, की प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो. डिसेंबरात बसवलेले सेटिंग उन्हाळ्यात डळमळते ते यामुळेच.

मात्र प्रत्येक बिघाडाचे खापर उन्हावर फोडू नये. फार तापल्यावर प्रोसेसर सहसा स्वतःच वेग कमी करतो. तापमान कमी असूनही निळी स्क्रीन येत असेल, तर व्होल्टेज किंवा रॅम तपासावी. एक्सएमपी (रॅममध्येच साठवलेले जादा वेगाचे तयार सेटिंग) हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे. डीडीआर४ प्रकारच्या रॅमचा प्रमाणित वेग ३२०० एमटी/सेकंदपर्यंतच आहे, ३६०० त्यापुढचा. रॅमची चूक अधिक घातक, कारण संगणक बंद न पडताही फाइल खराब होऊ शकते.

म्हणून आधी सगळे मूळ सेटिंगवर आणावे. मग फक्त रॅमचा वेग वाढवून मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवावे. एकही चूक दिसली तर वेग उतरवावा. प्रोसेसरला हात त्यानंतर लावावा, आणि प्राइम९५ने (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्राम) चाचणी भर दुपारी घ्यावी.