ड्रायव्हरचे पुनर्भरण आणि उपकरणाची स्मृती

ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६९ साली टी.डी.सी.-१२ हा संगणक सिद्ध झाला. त्याची मुख्य स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती, आणि अशा कड्यांतील नोंद वीज गेली तरी टिकते. पुढे १९९० च्या दशकात याच केंद्रात अनुपम मालिकेचे समांतर संगणक बांधले गेले. त्या मालिकेतील नंतरची यंत्रे लिनक्स या प्रणालीवर चालली. या प्रणालीत यंत्र बंद न करता एखाद्या उपकरणाचा ड्रायव्हर काढून पुन्हा चढविता येतो. सोय मोठीच, परंतु तिच्यात एक विस्मरण दडलेले आहे.

ड्रायव्हर काढला की त्याने स्वतःजवळ बाळगलेली मूल्ये जातात. तो पुन्हा चढला की बहुधा उपकरणास पूर्वस्थितीवर आणतो आणि त्याच्या रजिस्टरांत आपली आरंभीची मूल्ये लिहितो. म्हणजे वीज अखंड असूनही वापरणाऱ्याची मांडणी पुसली जाते. 'सेटिंग' हा शब्द येथे फसवा ठरतो. मराठी क्रियापदे अधिक नेमकी आहेत: 'लावणे' वेगळे, 'लावून ठेवणे' वेगळे. ड्रायव्हर लावतो, ठेवण्याचे काम दुसऱ्या कोणास तरी करावे लागते.

लिनक्सच्या 'आल्सा' या ध्वनिव्यवस्थेत ते एका स्वतंत्र आज्ञेकडे आहे. ती ध्वनिपट्टाची मूल्ये वाचून तबकडीवरील संचिकेत नोंदविते आणि ड्रायव्हर चढल्यानंतर तीच परत लिहिते. क्रम मात्र पाळला पाहिजे. पुनर्भरण झाल्यावर नोंद केली, तर आरंभीची मूल्येच जुन्या नोंदीवर चढून बसतात. शिवाय प्रत्येक मूल्य नियंत्रकाच्या नावाने ओळखले जाते. नव्या आवृत्तीत ते नाव बदलले, तर जुनी नोंद निरुपयोगी होते.

ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकास हा प्रश्न परका नाही. एकाच वक्त्याचे ध्वनिमुद्रण दोन बैठकींत झाले आणि मधल्या काळात ड्रायव्हर पुन्हा चढला, असे समजा. सूक्ष्मध्वनिग्राहकाचे वर्धन बदलले, तरी यंत्र कोणतीही सूचना देत नाही. आकडे येतच राहतात. आणि वर्धनातील फरक वक्त्याच्या आघाताचा फरक म्हणून नोंदला जातो. स्वरांची दीर्घता यातून सुरक्षित राहते, तीव्रता राहत नाही. प्रत्येक बैठकीच्या आरंभी ज्ञात तीव्रतेचा एक स्वर मुद्रित केलेला असल्यास हा फरक हिशेबाने काढून टाकता येतो. मात्र वर्धन वाढून तरंगांचे शेंडेच छाटले गेले असतील, तर ते कोणत्याही हिशेबाने परत मिळत नाहीत.