अभ्यासाच्या दिव्याचा हिशेब

विजेचें बिल हातीं पडलें कीं पहिला ठपका बहुधा मुलांच्या अभ्यासाच्या दिव्यावर येतो. तो न्याय्य आहे काय, हें मोजूनच ठरविलें पाहिजे.

१००० वॅटचें उपकरण एक तास चाललें म्हणजे एक युनिट होतें. ९ वॅटच्या एलईडी दिव्यास एवढी वीज सुमारें १११ तास पुरते; पाणी तापविणारा १५०० वॅटचा रॉड ती ४० मिनिटांत फस्त करितो!

आतां मुख्य तारेभोंवतीं कडी बसवून क्षणोक्षणींचा खर्च दाखविणारीं यंत्रें मिळतात. तीं बसविणें वायरमनचें काम. मुलांनीं तारांस हात लावूं नये. परंतु आमच्या हिवरा आश्रमासारख्या गांवीं त्यांवांचून अडत नाहीं. मीटरवरील तांबडा दिवा उगाच लुकलुकत नाहीं. एका युनिटास तो किती वेळां लुकलुकतो, हें मीटरवर छापलेलें असतें. तो आंकडा ३२०० असून मिनिटांत ३२ लुकलुकी मोजल्या, तर त्या वेळीं घरांत ६०० वॅट खर्ची पडत आहेत. एकेक बटण बंद करून पुन्हां मोजावें, चोर सांपडतो.

महाराष्ट्रांत घरगुती विजेचा दर महिन्याच्या १०० युनिटांपुढें चढतो. रोजचीं ३ युनिटें तीस दिवसांत ९० होतात. वैशाखांत २०० वॅटचा कूलर रोज पांच तास चालला कीं तींच १२० झालीं! म्हणून मीटरचा आंकडा रोज ठराविक वेळीं वहींत उतरावा, आणि पंधराव्या दिवशीं बेरीज करावी. वही मुलांनींच ठेवावी. दिव्याची बाजू त्यांनाच मांडावयाची आहे.